पहिलं पिस्तूल: पॉलिमर फ्रेम घ्यावी की लोखंडीच बरं?

रविवारपेठ_सराफ

शस्त्र परवाना हातात आला. बोअर, म्हणजे नळीचं माप, .३२. रविवार पेठेत सराफी दुकान आहे, रात्री माल आणि रोकड घेऊन घरी यावं लागतं. आयुष्यातलं पहिलं हत्यार घेतोय. विक्रेत्याने दोन पिस्तुलं समोर ठेवली, एक पॉलिमर फ्रेमचं आणि एक सगळं पोलादी. माझा कल पॉलिमरकडे आहे. ‘प्लास्टिकचं खेळणं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: ऑस्ट्रियाच्या लष्कराने पॉलिमर फ्रेमचं ग्लॉक १७ पिस्तूल घेतलं ते १९८२ साली, आणि तेव्हापासून कितीतरी देशांचे पोलीस ते वापरतायत. नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पोलादीच असते, पॉलिमर असतो तो खालचा सांगाडा. वजन कमी, कमरेला दिवसभर टोचत नाही. माझं चुकत असेल तर खोडून काढा.

बालेवाडीकर

खोडतो. बालेवाडीच्या रेंजवर चौदा वर्षं नेम धरतोय, म्हणून बोलतो. दादा, तुम्ही दाखला देताय नऊ मिलिमीटरच्या ग्लॉकचा आणि घेताय .३२. ते नऊचं बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, सामान्य परवान्यावर मिळतच नाही. त्या काडतुसाचा झटका जोरदार असतो, तिथे पॉलिमर थोडा लवतो आणि हाताला आराम देतो. .३२ ला मुळात झटकाच कमी. मग ज्या गुणासाठी पैसे मोजायचे तो उपयोगी कुठे पडणार?

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची. म्हणजे गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेली नसतात, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच सगळं थोपवलेलं. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. छोटं पिस्तूल म्हणून सोपं वाटतं, पण स्लाइड मागे खेचताना नवख्याची बोटं घसरतात. फ्रेम कशाचीही असो, ही स्प्रिंग तीच राहते.

सुभेदार_वानवडी

मी तर म्हणतो पिस्तूलच नको. पहिलं हत्यार रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ काढलं, तेही .३२, वजन साधारण अर्धा किलो. म्हणजे हलकेपणासाठी पॉलिमरच हवा असं नाही. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर स्लाइड खेचून ते बाहेर काढायचं. हे घाबरलेल्या हाताने, अंधारात. सरावाच्या मैदानावर तरणीताठी पोरं यात गडबडताना मी पाहिली आहेत. फक्त एक ध्यानात ठेवा, रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही काडतुसं वेगळी. एकाची दुसऱ्यात चालत नाहीत.

मुळशीची_ताई

सुभेदारकाका, तुमचा मान राखून सांगते, पटलं नाही. माझ्या सासऱ्यांचं जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर आता रीतसर माझ्या परवान्यावर आहे. आमच्याकडे जूनपासून भिंतींना ओल येते. पहिल्याच पावसाळ्यात मी ते चामड्याच्या म्यानात तसंच कपाटात ठेवलं. गणपतीत बाहेर काढलं तर मुठीच्या वरच्या बाजूला, जिथे चामडं चिकटलं होतं बरोबर तिथे, तांबूस ठिपके. बोट फिरवलं की खरखरीत लागत होतं. चामडं ओल धरून ठेवतं हे तेव्हा कळलं. शिवाय त्याचा चाप इतका जड की ओढताना माझी नळी खाली झुकते. सराफदादा, घामाच्या कमरेला पॉलिमरच बरा.

बालेवाडीकर

ताई, गंजाचं मान्य. पण नळी आणि स्लाइडही गंजते, आणि ती पॉलिमरवाल्या पिस्तुलातही पोलादाचीच. तेलाचा हात फिरवायचं चुकत नाही.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. पॉलिमरच्या बऱ्याच नव्या पिस्तुलांना बाहेर घोडा नसतो आणि अंगठ्याने लावायचा सुरक्षेचा खटकाही नसतो. सुरक्षा असते ती चापाच्या आतल्या छोट्या पात्यात, बोट पडलं की पातं आणि चाप दोन्ही एकदम दबतात. कसलेल्या माणसाला ते सोयीचं. पण सराफदादा रात्री दुकान बंद करून घाईत शर्ट आत खोचणार, शर्टाचं टोक चापात अडकलं तर? पहिल्या पिस्तुलाला अंगठ्याचा खटका हवाच. तो पॉलिमरवाल्याला असेल तर माझा विरोध निम्मा मावळला.

पाषाण_रहिवासी

एक भर घालतो. पॉलिमर, कार्बन फायबर म्हणजे परदेशी फॅड असं समजू नका. आमच्या पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेने, लष्करासोबत ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल बनवलं, २०२१ मध्ये ते जाहीर झालं, त्याचा खालचा भाग कार्बन फायबरचाच आहे. ते नऊ मिलिमीटरचं, फक्त सुरक्षा दलांसाठी. पण टिकाऊपणाची शंका घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कोथरूडची_आई

घरात मुलं आहेत का, हे कोणीच विचारलं नाही. फ्रेमच्या आधी तिजोरीचं बोला.

रविवारपेठ_सराफ

आहेत, ताई. एक नऊ वर्षांचा, एक पाच. तिजोरी भिंतीत बसवून घेतली, पिस्तूल आणि काडतुसं वेगळ्या कप्प्यांत, किल्ली माझ्याच गळ्यात.

बालेवाडीकर, शर्टाच्या टोकाचं वाचून थांबलो. दुकानात समोर ठेवलेल्या पॉलिमरवाल्याला अंगठ्याचा खटका होता की नव्हता, तेच आठवत नाही. मी नुसतं वजन बघत होतो. शनिवारी परत जातो.

बालेवाडीकर

जाच. मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढलेलं आणि चेंबर (नळीच्या मागचं काडतुसाचं घर) रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी बघा, मग दोन्हींची स्लाइड दहा-दहा वेळा खेचा. नवव्या-दहाव्या वेळी बोटं घसरतात का ते पाहा आणि इथे येऊन लिहा.

सुभेदार_वानवडी

आणि तिसरं म्हणून रिव्हॉल्व्हरही मागा. हातात तरी घ्या.