मदत हवी आहे: पिशव्यांचं बिल अडकलंय, मजुरी कशी भागवू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमची ना-नफा कंपनी आहे. विड्या वळून पाठ-डोळे अधू झालेल्या 14 जणी इथे कापडी पिशव्या शिवतात. एका मोठ्या गिऱ्हाइकाने तीन महिने बिल थकवलंय. गेल्या शनिवारी अर्धीच मजुरी देता आली. मावशींनी न बोलता नोटा पदराच्या गाठीत बांधल्या. मला रात्रभर झोप नाही.

लघुउद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी आहे. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती. अशा थकलेल्या बिलांची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे कुणी गेलंय का? संबंध न तोडता वसुली कशी केलीत? तोवर मजुरीपुरतं खेळतं भांडवल कमी व्याजाने कुठे मिळेल? देणगी नकोय, बायकांना घामाचेच पैसे द्यायचेत.