मंडळाचा अल्बम आला, पण त्यात रात्र कुठे आहे?

धानाचा बांध (लाखांदूर):

दिवाळी झाली की आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री खडीगंमत. ज्या मंडळासाठी मी सातवीत असताना सायकलनं बारा किलोमीटर गेलो होतो, त्या मंडळानं यंदा उन्हाळ्यात नागपूरच्या एका स्टुडिओत जाऊन पहिला अल्बम केला. 8 गाणी, 34 मिनिटं. मी पहिल्याच दिवशी ऐकला. नंतर आणखी तीनदा ऐकला आणि मला वाईट वाटलं. मंडळाचं नाव घेत नाही, ती माणसं माझी आहेत. पण विचारल्याशिवाय राहवत नाही: हा अल्बम असा करायला हवा होता का?

ज्यांनी खडीगंमत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाहीर, मागे झील देणारे, डफ, तुणतुणं, चोनका, मंजिऱ्या आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष. सगळं उभ्यानं चालतं म्हणून खडी. गण-गवळणीनं सुरुवात होते, ती तांबडं फुटेपर्यंत. दुय्यम, म्हणजे सामना, असला तर समोरासमोर दोन शाहीर, एक तुऱ्याचा, एक कलगीचा. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या जवाब बांधायचा. त्याला सुचेपर्यंत झीलकरी पालुपद धरून ठेवतात.

मागच्या मंडईतलं सांगतो. रात्री दोनच्या सुमारास दव पडलं आणि डफ उतरला. कातडं ढिलं पडलं की डफ नुसता भदभद वाजतो. एकानं तणसीची पेंडी पेटवली आणि त्या जाळावर डफ फिरवून शेकायला घेतला. तेवढा वेळ शाहिरानं करायचं काय? त्यानं लावणीची एकच ओळ धरली. कधी ती समोरच्या शाहिराकडे बोट दाखवून म्हटली, कधी पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांकडे वळून, कधी आवाज पार खाली आणून नुसत्या तुणतुण्यावर. दहा मिनिटं तीच ओळ, आणि दर खेपेला अर्थ निराळा. डफ तापून आला, पहिली थाप पडली आणि गोणपाटावर कलंडलेली माणसं उठून बसली.

तीच लावणी अल्बममध्ये 4 मिनिटं 10 सेकंदांची आहे. आधी एकट्या डफाचं रेकॉर्डिंग, वाजवणाऱ्याच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक. मग तुणतुणं, मग शाहीर, आणि झील दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे लय चढत जाते, शेवटाला तर धावते. इथं ती पहिल्या थापेपासून शेवटपर्यंत जागची हलत नाही. शाहीर सुराला खालून घासत वर जायचा, ते घासणं मशीननं पुसून टाकलंय. रेकॉर्डिंग करायचंच होतं तर मंडईतच करायला हवं होतं, माणसांसकट.

झीलकऱ्याची लेक (तिरोडा):

दादा, तुम्ही ऐकणाऱ्याच्या जागेवरून लिहिलंत. मी घरातून सांगते.

माझे बाबा याच मंडळात झील देतात. लहानपणी मंडईचे दिवस आले की बाबा घरी नसायचे, आणि आले की दिवसभर झोपायचे. त्यांचा आवाज आम्ही घरी फक्त बसलेला ऐकला आहे, गरम पाण्याच्या गुळण्या करताना. तुम्ही म्हणता ती रात्र आम्हा बायकांनी कितीदा पाहिली? आई एकदाही पुढं बसली नाही. मंडपाच्या मागं चुलीजवळ बसून जेवढं कानावर आलं तेवढंच.

स्टुडिओत मी बाबांबरोबर गेले होते. झील झाल्यावर तिथल्या मुलानं त्यांना हेडफोन लावून दिला. बाबा पूर्ण गाणं उभ्यानं ऐकत राहिले. मग हेडफोन काढून मला विचारलं, "हा मीच हो ना?" 38 वर्षं गायलेल्या माणसानं स्वतःचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. मंडईत भोंगा असतो, त्यात शब्द फाटतात. शाहिरांच्या बाडातल्या लावणीतले कितीतरी शब्द मला या अल्बममुळे कळले. आईनं तर एक कडवं लिहून घेतलं.

आणि मंडईत रेकॉर्डिंग करा म्हणणं सोपं आहे. शेजारच्या आकाशपाळण्याचा जनरेटर, खेळण्यांच्या पिपाण्या, दारू पिऊन ओरडणारे, हे सगळं त्यात येणार. ते तुम्हाला गोड वाटेल कारण तुम्ही तिथं होतात. जो तिथं नव्हता तो अर्ध्या मिनिटात बंद करेल.

मूळ यवतमाळ:

या वादाला दूरच्या देशातला एक जोडीदार आहे, म्हणून लिहितो. अमेरिकेत ज्यांना जॅम बँड म्हणतात त्यांचा धर्म आपल्या खडीगंमतीसारखाच: गावोगाव फिरायचं, रोज वेगळं वाजवायचं, एक गाणं तिथल्या तिथे वाढवत न्यायचं. ग्रेटफुल डेड हा त्यातला आद्य. 1965 ला सुरू झाला आणि 1995 ला त्यांचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया गेला तोवर 2300 च्या वर कार्यक्रम. त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं 1968 मध्ये स्टुडिओतून तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं, आणि ते चाललं नाही. पुढच्या वर्षी तेच गाणं प्रत्यक्ष मैफलीतून 'लाइव्ह डेड' या अल्बमवर घेतलं. ते तब्बल 23 मिनिटांचं, आणि लोक आजही तेच ऐकतात. बांधभाऊंचं म्हणणं यात सगळं आलं.

आणखी एक. डेडनं श्रोत्यांना स्वतःची टेपरेकॉर्डर आणून कार्यक्रम उतरवून घ्यायची मुभा दिली. 1984 पासून तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवायचे. त्या कॅसेटी हातोहात फिरल्या आणि त्यातूनच पुढच्या गावची गर्दी तयार झाली. आपल्या मंडळानं स्टुडिओवर खर्च करण्याऐवजी हे करायला हवं होतं.

पवनीची मास्तरीण:

तुमचं उदाहरण अर्धंच आहे. याच ग्रेटफुल डेडनं 1970 या एकाच वर्षात दोन स्टुडिओ अल्बम केले, छोट्या बांधीव गाण्यांचे, आणि ते त्यांच्या सगळ्यांत लाडक्या अल्बमांत गणले जातात. स्टुडिओत गेले म्हणून त्यांचं फिरतं वाजवणं मेलं नाही. फिशचं घ्या. 1983 साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये सुरू झालेला बँड. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलग नव्हे पण एकाच मुक्कामात 13 रात्री वाजवल्या आणि एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम जुलै 2024 मध्ये आला, तेव्हा त्यातली बरीचशी गाणी श्रोत्यांना मंचावरून आधीच पाठ होती. मग अल्बम कशाला? गाण्याचा सांगाडा एकदा नीट दिसावा म्हणून. शेत पिकलेलं सगळे पाहतात, पण बियाणं वेगळं काढून ठेवावं लागतं की नाही?

आपल्याकडचाही दाखला आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनवाले आले. गौहरजाननं जे गाणं मैफलीत तास तास गायलं असेल, ते जेमतेम तीन मिनिटांत बसवून दाखवलं. तेव्हाही जाणकारांनी नाकं मुरडली असतील. पण आज तिचा आवाज आपल्याकडे आहे तो त्या तीन मिनिटांमुळेच. तिच्या मैफलींना बसलेल्यातलं कोणीच उरलं नाही.

चोनकावाला (मोहाडी):

काहून भांडून रायले बाप्पा. मी चोनका वाजवतो, दुसऱ्या मंडळात. आमालेबी दोन वर्साआधी रेकॉर्डिंगले नेलतं. तिथचा पोट्टा चांगला होता, पन त्यानं एकेकाले वेगळं बसवलं. चोनका आन डफ एकमेकाच्या तोंडाकडं पाहून वाजते जी. डफवाल्याचा खांदा हलला का मले समजते का आता हा लय चढवनार. काचेच्या पल्याड मले कोन दिसते? दोन गानी झाली आन आमी सांगितलं, सगळ्याईले एकाच खोलीत उभं करा, टिकटिक बंद करा, चार माईक लावा, चुकलं तं आमचं चुकलं. तवा जमलं. डफ शेकाले इस्तव नव्हता, तं हॅलोजनच्या दिव्यापुढं धरला.

म्हनून मी म्हन्तो, दोष स्टुडिओचा नाई. उभ्यानं गानाऱ्याले बसवलं, जोडीनं वाजवनाऱ्याले एकटं केलं, तो दोष हाय.

धानाचा बांध (लाखांदूर):

चोनकावाले भाऊ, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं बोललात. मला जे खुपत होतं ते हेच होतं, मी त्याचं नाव चुकीचं घेतलं.

ताई, बाबांचं वाचून मी थांबलो. आईंनी कडवं लिहून घेतलं हे मला सुचलंही नव्हतं. मी त्या गोणपाटावर बसून मोठा झालो, तेव्हा मागं चुलीशी कोण बसलंय हे कधी पाहिलं नाही. ते मान्य. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. मास्तरीणबाई म्हणतात तसा सांगाडा जपायला हरकत नाही, मात्र दुय्यमाला सांगाडा नसतो. सवाल कोणता येणार हे शाहिराला ठाऊकच नसतं. अल्बममध्ये एक सवाल-जवाब आहे, त्यात दोन्ही बाजू एकाच शाहिरानं गायल्या आहेत, दोन वेळा. ते ऐकताना मला कसंसंच झालं. हरण्याची भीती नसलेला दुय्यम हा दुय्यम कसा?

पवनीची मास्तरीण:

ते एक गाणं मलाही पटलं नाही. त्याबाबत तुमच्याबरोबर.

मूळ यवतमाळ:

माझ्या आधीच्या लिहिण्यात एक दुरुस्ती करतो. डेडचं पोट तिकिटांवर चाललं, म्हणून कॅसेटी फुकट फिरू देणं त्यांना परवडलं. आपल्याकडे मंडईला तिकीट नसतं. गाव वर्गणी काढतं आणि मंडळाला बिदागी देतं. ती दहा-बाराजणांत वाटली की हातात काय उरतं ते ताईंना विचारा. तरी अल्बममधून पैसा येईल या आशेवरही कोणी राहू नये. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षभरात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदलाच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर आधी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास पाहणं लागतं. खडीगंमतीला ते जमू शकतं, रात्रीची रात्र टाकली तर. मात्र त्या चॅनलचा पासवर्ड मंडळाकडे असावा, दुसऱ्याकडे नको.

कागदवाला (साकोली):

पासवर्डवरून आठवलं म्हणून लिहितो. माझ्या मामाच्या दंडारीच्या (आपल्याकडचं लोकनाट्य) संचाची कॅसेट एका दुकानदारानं काढली होती. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि नंतर "सगळे हक्क माझे" म्हणाला. मामाला त्यातून शालही मिळाली नाही. तेव्हा स्टुडिओ की मंडई हे ठरवण्याआधी कागद वाचा. कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो सादरीकरणापासून 50 वर्षं चालतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा वाटाही आहे. बाडातली लावणी गुरूची असेल तर त्याच्या घरच्यांना विचारा, त्यांचं नाव घाला. झीलकऱ्यांची नावं तर कोणी छापतच नाही.

झीलकऱ्याची लेक (तिरोडा):

छापली आहेत. मीच भांडून छापून घेतली. पाचही झीलकऱ्यांची नावं गाण्याखाली आहेत, बाबांचं तिसरं.

आणि दादा, सवाल-जवाबाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, समोरच्या शाहिरालाही बोलावलं होतं, पण त्याच दिवशी त्याच्याकडे धान उचलायला ट्रक आला, तो आला नाही. स्टुडिओचे पैसे तासावर होते. थांबता आलं नाही.

यंदा भाऊबीजेनंतर दोन्ही मंडळांचा दुय्यम आमच्याच गावाला ठरला आहे. जनरेटर शाळेमागं लावायचं मी सरपंचांशी बोलून ठेवते. चोनकावाले भाऊ, चार माईकचं तुम्ही म्हणालात, ते कुठून आणायचे तेवढं सांगा. बांधदादा, तुम्ही तणस घेऊन या, आमच्याकडे यंदा हार्वेस्टरनं कापणी आहे, पेंडीची तणस निघणार नाही. आई या खेपेला पुढं बसणार आहे.

चोनकावाला (मोहाडी):

माईक माह्याकडं दोन हायेत. दोन तुमसरच्या मंडपवाल्याकडून घेतो. रात्री दवात ठेवू नका, वरतून फडकं बांधा.