विषय: पत्र अडवलंत, तर कारण सांगा

नमस्कार मंडळी,

आपल्या या गटावर पाठवलेली माझी दोन पत्रं संपादकांनी अडवली. विचारलं, तर ‘भाषा बरी नाही’ एवढंच उत्तर आलं. २०१२ साली पालघरमध्ये बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या मुलीला अटक झाली, आणि ते नुसतं लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. त्या कलमातल्या ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’ या शब्दांत काय बसतं नि काय नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मग ‘बरी नाही’चं माप कोणतं?

— दादा, मूळ मंगळवार पेठ, कोल्हापूर

दादा,

सध्या आईकडे कोल्हापुरात आहे. कारण मिळायलाच हवं, तुमचं खरं आहे. पण त्याच निकालात चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी वेगवेगळी धरली आहेत. पहिली दोन कितीही झोंबली तरी त्यांना मोकळीक आहे. चिथावणीचं काय होतं ते इथं ७ जून २०२३ला दिसलं. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. आई अजून सांगते, गल्लीतली शटरं एकामागून एक खाली आली.

मला खुपतंय ते मात्र वेगळंच. गटातल्या त्या नव्या मुलीनं दिवाळीच्या तयारीसाठी लिहिलं होतं, ‘मी लवकर येतो, रांगोळी मी काढतो.’ त्यावर ‘येतो की येते, आधी ठरव’ म्हणून चार-पाच जणांनी तिची टिंगल केली. त्यात तुम्हीही होता. दादा, आपल्याकडं बायका असंच बोलतात की! तुमच्या आई, आमच्या काकू, मला म्हणायच्या, ‘बस, मी च्या टाकतो.’ यात ना चिथावणी होती ना शिवी, त्यामुळे संपादकांनीही काही अडवलं नाही. पण त्या दिवसापासून तिची एक ओळ आलेली नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य तिलाही होतं ना?

— ताई

ताई,

आई शेवटपर्यंत तसंच बोलायची. ते वाक्य लिहिताना मला ती आठवली नाही, याचं फार वाईट वाटतंय. त्या मुलीला आज फोन करतो, आणि इथं सगळ्यांसमोर तिची माफी मागतो.

संपादकांना विनंती: माझी दोन पत्रं अडवलेलीच राहू द्यात. पण यापुढं कुणाचंही पत्र अडवलंत, तर कोणतं वाक्य आणि का, हे त्याला त्याच दिवशी कळवा.

— दादा