इन्सुलिनचा डोस चुकतो तो फक्त घरच्यांमुळे?

खडूस_इंजिनियर: कालच्या मधुमेहाच्या धाग्यावर एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय की डोस चुकतो तो घरच्यांच्या निष्काळजीपणाने, "सिरिंज वाचता येत नाही का?" डोकंच फिरलं. अहो, आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट), इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज १०० चं, सिरिंजा दोन्ही मिळतात आणि ओळखायचं कशावरून तर टोपी लाल (४०) का नारिंगी (१००)! पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपीवाल्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अंगात ५० युनिट. मोतीबिंदूवाल्या आजोबांनी पहाटे हे रंग ओळखायचे? भूल देताना ऑक्सिजनच्या जागी नायट्रसचा (भुलीच्या वायूचा) छोटा सिलिंडर लावायला जा, जोडणीतल्या पिनांची जागाच प्रत्येक वायूला वेगळी, बसतच नाही. तिथे "नीट बघत जा" म्हणून भागवलं नाही कोणी.

निवृत्त_डॉक्टर: तो मीच. पिना ठीक आहेत हो, पण माझे पेशंट एकच सिरिंज रेघा पुसल्या जाईपर्यंत वापरतात, त्याला काय पिना लावू? समजावून सांगण्याला पर्याय नाही. आणि मुळात मेडिकलवाला हातात येईल ती सिरिंज देतो.

दुकानदार_सांगलीकर: आलं का आमच्यावर! चिठ्ठीवर नुसतं "इन्सुलिन सिरिंज" लिहिता, ४० का १०० ते आम्ही स्वप्नात बघायचं? आणि ऑनलाइनवाल्यांना विचारा की, डिस्काउंट देतात तेव्हा टोपीचा रंग सांगतात का?

माईंची_लेक: ऑनलाइनवाले निदान बिल तरी देतात काका. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आईला चुकीची सिरिंज आली, साखर इतकी उतरली की घामाने गाऊन भिजला, तोंडात साखर कोंबत बसलो. परत विचारायला गेले तर म्हणे आमच्याकडची नाहीच.

दुकानदार_सांगलीकर: एका दुकानावरून सगळे चोर? रात्री ११ ला शटर वाजवता तेव्हा ऑनलाइनवाला येतो का?

माईंची_लेक: चोर कोण म्हणालं? बिल द्या म्हणाले.

खडूस_इंजिनियर: दुकानांचा वेगळा धागा काढा राव. डॉक्टर, थेराक-२५ आठवतंय ना? रेडिएशनचं मशीन, १९८५ ते ८७, सहा जणांना भयंकर जास्त डोस. जुन्या मॉडेलमधले चूक रोखणारे यांत्रिक अडसर काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोडलेलं. स्क्रीनवर नुसतं "मालफंक्शन ५४", असले मेसेज दिवसभर यायचे, त्यामुळे ऑपरेटर सवयीने 'पी' दाबून पुढे जायचे. त्यांनाही समजावूनच सांगायचं होतं का?

निवृत्त_डॉक्टर: कुठे ते मशीन, कुठे दहा रुपयांची सिरिंज!

खडूस_इंजिनियर: म्हणूनच सोपं आहे की. अमेरिकेने १९७० च्या दशकापासून १०० हीच एक ताकद रूढ करत नेली, रोजच्या वापरातला हा घोळ बराच कमी झाला.

निवृत्त_डॉक्टर: बरं बाबा, करा एकच. घरात उरलेल्या लाल टोप्यांनी पेशंट १०० ची बाटली उपसतील ते सहा महिने माझे फोन तुमच्या नंबरवर वळवतो.

दुकानदार_सांगलीकर: आणि माझा ४० चा स्टॉक परत कोण घेणार ते पण ठरवा.