ऑस्ट्रियन रेड वाइन: लेबल कसं वाचायचं, कोकणातल्या उकाड्यात ठेवायची कशी?

देवगडकर:
ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांडमधल्या एका छोट्या वायनरीच्या दोन बाटल्या भेट आल्या आहेत. एक त्स्वाइगेल्ट द्राक्षाची, फिरकीच्या झाकणाची. दुसरी ब्लाउफ्रेंकिश द्राक्षाची, लेबलवर 'मिटेलबुर्गेनलांड डीएसी रिझर्व्ह', बूच लावलेली. घरात एसी नाही, एप्रिल-मेमध्ये खोली ३२-३३ अंशांवर असते. ठेवायच्या कुठे, आधी कुठली उघडायची, आणि मालवणी जेवणाबरोबर चालतील का?

तिरफळ:
आधी झाकण बघा. लाल-पांढरा-लाल पट्टा असेल तर ती सरकारी तपासणीतून गेलेली 'क्वालिटेट्सवाइन' आहे. तपासणी क्रमांक लेबलवर असतो. 'डीएसी' म्हणजे त्या प्रदेशाच्या ठरलेल्या नियमांनुसार केलेली, तिथली खास ओळख असलेली वाइन. 'ट्रोकन' म्हणजे गोडवा नसलेली. 'गुट्सआबफ्युलुंग' म्हणजे वायनरीने स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतःच बाटलीत भरलेली. छोट्या वायनरीच्या बाबतीत हे बघायलाच हवं.

त्स्वाइगेल्ट हा सांक्ट लॉरेंट आणि ब्लाउफ्रेंकिश या द्राक्षांचा संकर, १९२२ साली क्लोस्टरनॉयबुर्गच्या संस्थेत केलेला. कुठे 'रोटबुर्गर' लिहिलेलं दिसलं तर द्राक्ष तेच. चेरीसारखी, मऊ, बहुतेक त्स्वाइगेल्ट ताज्याच प्यायच्या असतात, म्हणून ती आधी उघडा. ब्लाउफ्रेंकिश जास्त आंबट, मिरीच्या वासाची, आणि तुमची रिझर्व्ह असल्याने लाकडी पिंपात राहिलेली. तिला किमान १३ टक्के अल्कोहोल लागतं. ती नीट ठेवली तर काही वर्षं सहज टिकेल.

खाडीकाठ:
'नीट ठेवली तर' हेच कोकणात अवघड. ३२ अंशांत वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि आत हवा शिरते. तोंडाशी चिकट ओघळ, उचललेलं बूच, कडेला तपकिरी झाक, शिजवलेल्या जॅमसारखा वास: यातलं काही दिसलं तर उष्णतेने वाइन गेली समजा. दमटपणाला घाबरू नका, बुचाला तो मानवतो. फार तर लेबलला बुरशी येते. बाटलीवर प्लास्टिकची पिशवी घाला.

तुमच्यासाठी फ्रिजचा भाजीचा कप्पाच बरा. बुचाची बाटली आडवी, फिरकीची कशीही. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर १२-१४ अंशांचं वाइन-कपाट लागेल, नाहीतर रिझर्व्ह याच वर्षात संपवा. माळा, स्वयंपाकघर आणि फ्रिजचा माथा, तिन्ही टाळा.

देवगडकर:
आणि वाढताना? रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात.

खाडीकाठ:
ती खोली युरोपातली, तीही हिवाळ्यातली. त्स्वाइगेल्ट १४ अंशांच्या आसपास, ब्लाउफ्रेंकिश १६. फ्रिजमधून पाऊण तास आधी बाहेर काढा. दमट हवेत काचेवर पाणी धरतं आणि त्यामुळे बाटली अपेक्षेपेक्षा लवकर तापते, म्हणून मधूनमधून हात लावून बघा. खोलीवरची बाटली असेल तर बर्फ-पाण्यात १०-१५ मिनिटं. नुसता बर्फ नको. पाणी असलं तरच काच सगळीकडून गार होते.

फिरकीच्या बाटलीला उघडताच काडेपेटीसारखा वास आला तर फेकू नका. गंधकाचा असतो, वाइन दुसऱ्या भांड्यात ओतून अर्धा तास ठेवली की बहुधा जातो.

तिरफळ:
जेवणाचं. तळलेल्या बांगड्याबरोबर रेड वाइन नकोच. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात धातूची चव येते, आणि बांगडा तेलाचा मासा. झणझणीत रश्श्याबरोबर रिझर्व्ह नको: लाकडाचा तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही तिखट भडकवतात. तिला भाजलेल्या खोबऱ्याचं, बेताच्या तिखटाचं सुकं मटण द्या. कोंबडी-वड्यांना गार त्स्वाइगेल्ट.

आमसुलाने मात्र बिघडत नाही. जेवण आंबट असेल तर मवाळ वाइन पाणचट लागते. ब्लाउफ्रेंकिशमध्ये स्वतःचाच आंबटपणा भरपूर, ती टिकून राहते. सोलकढी तेवढी शेवटाला घ्या, नारळाचं दूध आणि लसूण जिभेवर बसले की वाइनचा वास कळत नाही.

उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चालते.