हॉलिवूडवाल्यांचं ज्यू मूळ पडद्यावर खरंच दिसतं का?

रीळवाला: हॉलिवूडचे आद्य मालक स्थलांतरित ज्यू होते, म्हणून त्यांच्या सिनेमात ज्यू संस्कार मुरलेत, हे मला पटत नाही. कार्ल लेमली अमेरिकेतल्या ओशकॉश गावी कपड्यांचं दुकान सांभाळायचा, अ‍ॅडॉल्फ झुकोर फरच्या धंद्यात, सॅम्युएल गोल्डविन हातमोजे विकायचा. निकेलोडियनला, म्हणजे तेव्हाच्या छोट्या स्वस्त सिनेमाघराला, भाड्याचा गाळा, खुर्च्या आणि एक प्रोजेक्टर पुरे. तिकीट ५ सेंट, गल्ला रोजचा रोख. यात धर्म कुठे आला?

तिसरी घंटा: गल्ल्याचं मान्य. पण १९२७ चा 'द जॅझ सिंगर' बघा. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्याचा मुलगा रंगमंचावर जातो आणि शेवटी आजारी बापाच्या जागी उभा राहून 'कोल निद्रे' ही ज्यूंची प्रार्थना गातो. काढला कोणी? पोलंडमधून आलेल्या घरातल्या वॉर्नर बंधूंनी.

रीळवाला: एका चिमणीने वसंत येत नाही. त्याच वॉर्नरनी १९३७ मध्ये फ्रेंच लेखक एमिल झोलावर चित्रपट काढला. त्यात झोला ज्याच्या बाजूने लढतो, तो फ्रेंच लष्करी अधिकारी ड्रायफस. त्याच्यावर देशद्रोहाचं बालंट आलं ते तो ज्यू म्हणून, आणि अख्ख्या चित्रपटात 'ज्यू' हा शब्द कोणाच्या तोंडी नाही!

तिसरी घंटा: अहो, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. ज्याला आपल्या मुळाची धास्ती आहे तोच ते इतकं जपून पुसतो. ती धास्ती ओसरायला पुढची पिढी यावी लागली. दिग्दर्शिका जोन मिकलिन सिल्व्हरचा 'हेस्टर स्ट्रीट' (१९७५) बराचसा यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत आहे. स्टुडिओ पैसे लावेनात, तेव्हा तिच्या बांधकाम व्यवसायातल्या नवऱ्याने भांडवल उभं केलं. त्यातली नायिका कॅरल केनला ऑस्करचं नामांकन मिळालं ते याच चित्रपटासाठी.

जुनी वही: वाद चालू द्या, पण अशा स्थलांतरित घराण्यांची मुळं शोधताना एक चूक सगळेच करतात. 'एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र) कारकुनाने आडनाव बदललं' ही लोणकढी आहे. प्रवाशांची यादी जहाज कंपनीची माणसं निघण्याच्या बंदरावरच करत. एलिस आयलंडवरचा अधिकारी ती पुढे ठेवून प्रश्न विचारी. शिवाय ते केंद्र उघडलं १८९२ ला, लेमली आला १८८४ ला! त्यामुळे अमेरिकी आडनावाने शोधलं तर हाती काही लागत नाही. आधी नागरिकत्वाचे कागद काढा (१९०६ नंतरचे जास्त तपशीलवार), त्यांतून जहाज आणि तारीख घ्या, मग मूळ नावाने यादी चाळा. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्यांच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या आहेत. स्पेलिंग मात्र दर कागदावर वेगळं.

रीळवाला: मग गोल्डविन?

जुनी वही: गेलबफिशचा आधी गोल्डफिश झाला. १९१६ ला सेल्विन बंधूंबरोबर कंपनी काढली, दोन्ही आडनावं जोडून तिचं नाव 'गोल्डविन' ठेवलं. ते इतकं आवडलं की नंतर स्वतःलाच लावून घेतलं.

रीळवाला: म्हणजे आडनावसुद्धा धंद्यातूनच आलं. मी काय म्हणत होतो?