भावाचा ९पी२१ रिपोर्ट आणि हार्टची रिस्क, मी पण टेस्ट करू का?

सावली:
बाबांना ४८व्या वर्षी अटॅक आला, काकांनाही पन्नाशीच्या आतच ब्लॉकेज निघालं. भावाने जेनेटिक टेस्ट केली, त्यात ९पी२१ च्या दोन्ही कॉपी रिस्कवाल्या आल्या आणि तेव्हापासून आपल्या नशिबातच आहे म्हणून बसलाय, कोणाशी धड बोलत नाही. मी ३४ची, बीपी शुगर नॉर्मल. मी पण करू का ही टेस्ट?

भटका_ढग:
भावाला आधी हे सांग, ९पी२१ ही नवव्या क्रोमोसोमवरची जागा २००७ मध्ये सापडली आणि युरोपियन वंशाच्या लोकांत तर साधारण पाचातल्या एकाकडे दोन्ही कॉपी रिस्कवाल्या असतात, त्या सगळ्यांना काही अटॅक येत नाही. अशा एका कॉपीमागे रिस्क वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते, पण ती मूळ रिस्कच्या वीस-पंचवीस टक्के, म्हणजे शंभरात दहाची असेल तर साडेबारापर्यंत. आणि ही रिस्क कोलेस्टेरॉल किंवा बीपीमधून येत नाही, त्यामुळे ते दोन्ही कंट्रोलमध्ये ठेवायचा फायदा त्यालाही मिळतोच.

मीनाक्षी_के:
मला तर ९पी२१ पेक्षा बाबा आणि काका दोघांनाही इतक्या लवकर झालं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती आहे? एलपी(ए), म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, त्याची टेस्ट केलीय का कधी? ते जवळपास सगळं जीनवरच ठरतं, आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही, वेगळं सांगावं लागतं.

सावली:
एलपी(ए) नाही केलं. एलडीएल १९६ आलं होतं मागच्या वर्षी, वजन नॉर्मल आहे म्हणून कोणी काही बोललं नाही.

मीनाक्षी_के:
अगं १९६ सोडून देऊ नकोस! १९० च्या वर आणि घरात एवढ्या लवकर हार्टचा त्रास म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया (घराण्यातून येणारं जास्त कोलेस्टेरॉल) आहे का ते बघायलाच हवं. साधारण अडीचशेत एकाला असतो, बहुतेकदा एलडीएल रिसेप्टरच्या जीनमध्ये बिघाड असतो त्यामुळे लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही, बारीक माणसालाही होतो आणि आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात यायचा चान्स ५० टक्के. कित्येकांना माहीतच नसतं. जेनेटिक टेस्ट करायचीच तर याची कर, पण आधी कार्डिओलॉजिस्टना दाखव, थायरॉइडही बघतील कारण त्यानेही एलडीएल वाढतं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायचं औषध) बहुधा देतीलच, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर तसं आधीच सांग.

भटका_ढग:
+१. भावाचं एलडीएल किती आहे ते पण विचार, रिपोर्टच्या नादात ते राहिलं असेल.